सिग्मा सर

निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन निघालेला बाप सिग्मा सरांच्या दारापाशी आला की घुटमळतो. पेढा देऊ नये म्हणावं, तर सरांनी पोराला फुकट गणित शिकवलेलं असतं. द्यावा, तर सर तो तोंडात टाकत नाहीत. चिमटीत धरतात आणि विचारतात, "किती?"

"ब्याण्णव टक्के, सर."

"हां. शाळेची सरासरी?"

"ते काय विचारलं नाही बुवा."

"बरं, प्रमाण विचलन?"

इथं बाप पेढ्याकडे बघतो. सर पेढा तसाच धरून समजावतात, "हे बघा, सरासरी ऐंशी आणि विचलन सहा असेल, तर तुमचा मुलगा दोन सिग्मा वर आहे. म्हणजे शंभरात पहिल्या दोन-तीनांत. मी स्वतः हार घेऊन येतो. पण सरासरीच नव्वद असेल, तर तो दहा पोरांत चौथा आला. तेवढ्यासाठी पाव किलोत भागलं असतं."

मग पेढा खातात. चांगला आहे म्हणतात. पण तोवर बापाच्या तोंडाची चव गेलेली असते आणि पुढच्या चार घरी तो "पास झाला" एवढंच सांगतो.

सरांचं खरं नाव वीजबिलावर आहे. शिरूरमध्ये ते विचारत आलात तर तुम्हाला कुणी घर दाखवणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयात उभी हयात गणित शिकवून सर निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर माणसं अध्यात्माकडे वळतात तसे संख्याशास्त्राकडे वळले. बैठकीच्या भिंतीवर रांजणगावच्या महागणपतीचं कॅलेंडर आणि त्याखाली स्वतः काढलेला घंटेचा आलेख. मधे फुगीर, दोन्हीकडे उतरता, टोकांना जमिनीला टेकू टेकू करणारा पण कधीच न टेकणारा. पाकिटात बायकोचा फोटो नाही, जर्मनीच्या जुन्या दहा मार्कांच्या नोटेची रंगीत झेरॉक्स आहे. त्या नोटेवर कार्ल गाऊसचं चित्र होतं आणि शेजारी हाच आलेख. "ज्या देशानं नोटेवर घंटा छापली," सर म्हणतात, "तिथं रेल्वे वेळेवर येणारच." काकू दौंडकडच्या, म्हणजे जंक्शनच्या बाजूच्या. रेल्वेचा विषय निघाला की त्या मान फिरवतात.

तुलना करणारी माणसं गावोगाव असतात. आमच्या पिंट्याला इतके, तुमच्या चिंटीला किती, हा तर महाराष्ट्राचा कुळाचार. पण ही माणसं तुलना करून मोकळी होतात. सर तसे नाहीत. आधी तुलना कायदेशीर करून घेतल्याशिवाय ते बोटसुद्धा उचलत नाहीत. कुठला गट, गटात किती जण, सरासरी काय, पसारा किती. आलेल्या आकड्यातून सरासरी वजा, उरलेल्याला विचलनानं भाग. जो आकडा येतो तो त्यांचा झेड. झेड काढला की टक्के, सेकंद, टन, सेंटिमीटर सगळे एका पंगतीत बसतात. अडचण एवढीच की रीतसर तुलना होऊन निघाली की ती कुणालाच नको असते. लोकांना आपला पोरगा पुढे हवा असतो, आणि किती पुढे हे नेमकं कळायला नको असतं.

सरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे २०२३ ची तलाठी भरती. जागा ४,४६६. अर्ज दहा लाखांवर. प्रत्यक्ष परीक्षेला बसले साडेआठ लाखांहून जास्त. एवढे संगणक एका दिवशी कुठून आणणार, म्हणून १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर अशी ५७ सत्रांत परीक्षा. ५७ सत्रं म्हणजे ५७ प्रश्नपत्रिका, एक सोपी, एक अवघड, एक ज्याची त्यालाच ठाऊक. मग सगळ्यांचे गुण सारखे कसे धरायचे? धरायचे नाहीत. सामान्यीकरण करायचं. गावागावांतल्या अभ्यासिकांमध्ये हा शब्द पहिल्यांदा शिवीसारखा वापरला गेला तो तेव्हा.

जानेवारी २०२४ मध्ये निकाल आला आणि पेपरांत बातमी आली, की एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण. राज्यभर गदारोळ. नगर रस्त्यावरच्या आमच्या चहाच्या हॉटेलात तर त्या सकाळी उभं राहायला जागा नव्हती. सगळा महाराष्ट्र चिडलेला असताना एकच माणूस खुशीत होता. सर धोतराचा सोगा सावरत आले आणि म्हणाले, "दोनशेपैकी दोनशे चौदा पडू शकतात."

हॉटेलवाल्यानं गाळणी खाली ठेवली. "सर, मग मी शंभराच्या नोटेचे एकशे सात परत देत जाऊ का?"

"तुमच्या गल्ल्याला सत्रं नाहीत," सर म्हणाले. मग त्यांनी टेबलावरच्या सांडलेल्या चहात बोट बुडवून घंटा काढली. समजा, शिरूरच्या पोराला सकाळच्या सत्रात १५० पडले. त्या सत्राची सरासरी ११०, विचलन २०. तो दोन सिग्मा वर. दौंडच्या पोराला दुसऱ्या दिवशी दुपारी पडले १५४. पण तो पेपर सोपा, सरासरी १३०, विचलन १६. तो दीड सिग्मा वर. मग पुढं कोण?

"दौंडचा," हॉटेलात एकमुखानं उत्तर आलं. "चार मार्क जास्त हायेत की."

"शिरूरचा!" सर म्हणाले, आणि शिरूरच्या त्या हॉटेलात शिरूरचाच पोरगा पुढे गेला तरी कुणाला आनंद झाला नाही. सर थांबले नाहीत. एखादं सत्र फार अवघड गेलं, सरासरी ८० वर आली, विचलन २०, आणि त्यात एका पठ्ठ्यानं १८० काढले, तर तो पाच सिग्मा वर. त्याला सगळ्यांच्या समाईक मापावर आणला, समजा सरासरी ११० आणि विचलन २२, की झाले ११० अधिक ११०. दोनशे वीस! "यात लबाडी असेलच असं नाही. मोजपट्टी ताणली की टोक टेबलाच्या बाहेर जातं."

"आन पट्टी ताणली कुणी?" कोपऱ्यातून एका पोरानं विचारलं. दाढी वाढलेली, हातात चुरगळलेलं प्रवेशपत्र. तो दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट भाड्यानं घेऊन राहून परत आला होता.

सर त्या पोराजवळ जाऊन बसले. मला सर आवडतात ते अशा वेळी. आवाज खाली आणून त्यांनी कबूल केलं, की प्रश्न बरोबर आहे. घंटेच्या हिशोबानं पाच सिग्मा म्हणजे पस्तीस लाखांत एक. बसले साडेआठ लाख. म्हणजे टोकाला घंटा खरी राहिलेली नाही. आणि साडेआठ लाखांतून साडेचार हजार निवडायचे म्हणजे सगळा निकाल अडीच सिग्माच्या पलीकडे, नेमका त्या टोकातच लागतो. घंटा पोटात भरवशाची, टोकात नाही, आणि नोकऱ्या सगळ्या टोकात. "शिवाय हे गणित एका गृहीतावर उभं आहे. सत्तावन्नही सत्रांत सारख्याच हुशारीची पोरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली असतील, तरच."

"आन नसतील तर?"

"तर नाही," सर म्हणाले आणि दोघांचे चहाचे पैसे देऊन निघाले.

काही दिवस शिरूरमध्ये सरांकडे लोक भीत भीत येत. एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की तर रांग. ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल मिळतं, दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. सात आकडे बघून आया हरखतात. आमच्याच आळीतल्या दोन जावांच्या मुली एकाच वर्षी बसल्या. थोरलीच्या मुलीला ९९.१, धाकटीच्या मुलीला ९९.८. थोरली म्हणाली, "एकीला दुसरी लागूनच आहे, पाऊण मार्काचा फरक." सर म्हणाले, "पहिली गोष्ट, हे मार्क नाहीत. तुमच्या मुलीच्या सत्रात शंभरातले नव्याण्णव तिच्या बरोबरीला किंवा खाली, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट, घंटेच्या पोटात पन्नासावरून साठावर जायला पाव सिग्मा पुरतो. तिथं गर्दीच एवढी, की दोन प्रश्न बरोबर आले की हजारो माणसं ओलांडली जातात. पण नव्याण्णववरून नव्याण्णव पूर्णांक नऊवर जायला पाऊण सिग्मा लागतो. तिथं माणसं नाहीत, नुसता चढ आहे." धाकटीला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आपली मुलगी चढावर आहे एवढं कळलं. तिनं सरांना साडेतीनशे ग्रॅम काजूकतली पाठवली. थोरलीनं त्यांच्या घरी हळदीकुंकवाला येणं बंद केलं.

"शैक्षणिक सल्ला देताय की भांडणं लावताय?" काकूंनी विचारलं.

"मी फक्त मोजतो."

हेच सरकारलाही जमलं नाही, असं सर अभिमानानं सांगतात. एका जाडजूड फायलीत त्यांनी अकरावी प्रवेशाची कात्रणं जपली आहेत. आयसीएसई, सीबीएसईच्या मुलांचे गुण आणि आपल्या दहावीचे गुण एका यादीत कसे आणायचे, हा पेच. २००८ साली राज्यानं पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, मुंबई उच्च न्यायालयानं ते उडवलं. २००९ मध्ये नव्वद-दहाचा कोटा आला, तोही उडाला. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह', तो उच्च न्यायालयात पडला आणि सर्वोच्च न्यायालयात तरला. सर दर वेळी सरकारला पोस्टकार्ड लिहीत. पोस्टकार्डावर घंटा काढलेली. उत्तर आलं नाही, पण नंतर गावात पोस्टमन त्यांना वाकून नमस्कार करू लागला. त्याला ते देऊळ वाटलं असणार.

माणसांत अपमान झाला की सर बैलांकडे वळतात. २०१४ पासून बंद असलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात गाडे पुन्हा घाटात आले. तिकडं बारामतीच्या बाजूला मैदानात छकडे शेजारी शेजारी धावतात, पुढे कोण ते डोळ्यांना दिसतं. आमच्याकडं एका वेळी एकच गाडा घाट चढतो आणि निकाल घड्याळावर. एक बारी, इतके सेकंद. सगळ्यांत कमी सेकंदांचा तो घाटाचा राजा.

पण एका गावचा घाट लांब, दुसऱ्याचा आखूड, तिसऱ्याचा चढ अंगावर येणारा. तरी गाडामालक पारावर बसून "आमचा बारा सेकंदांत, तुमचा तेरा" म्हणून छाती काढतात. सरांना हे सहन होईना. एका यात्रेत ते वही घेऊन बसले, आदल्या दोन यात्रांचे सेकंद त्यांनी आधीच उतरवून ठेवले होते. प्रत्येक घाटाची सरासरी काढली, विचलन काढलं आणि जाहीर केलं, की या घाटाचा राजा खरा राजा नाही. मागच्या यात्रेत पहिला आलेला, एका गरीब शेतकऱ्याचा गाडा खरा राजा. कारण तो घाट अवघड होता, गाडे एकमेकांना चिकटून आले होते आणि त्यातही हा वेगळा निघाला होता.

इथंवर ठीक होतं. पण निवेदकाला सरांचा आदर. त्यानं वही ओढून घेतली आणि भोंग्यावर पुकारलं, "आणि मंडळी, आपल्या सिग्मा सरांच्या हिशोबानं या गाड्याला मिळालेत... उणे दोन पूर्णांक एक!"

घाटात शांतता पसरली. ज्याचा गौरव चालला होता तो शेतकरी भंडाऱ्यानं पिवळं झालेलं कपाळ पुसत उठला. "उणे? माझ्या बैलांना उणे म्हणतो? पोटच्या पोरासारखं जपलंय त्यांना!"

सर ओरडून सांगत होते, की सेकंदांत उणेच चांगलं, जेवढं उणे तेवढा बैल भारी. भोंग्यापुढे त्यांचं कोण ऐकतंय. आणि इकडं दुसऱ्या एका गाड्याच्या मालकाला अधिक एक पूर्णांक सहा मिळाल्याचं कळल्यावर त्यानं आनंदानं सरांच्या गळ्यात हार घातला. वास्तविक सरांच्या वहीप्रमाणे त्याचा नंबर शेवटून पहिला होता. सरांनी हार काढला नाही. एवढं एकदाच मी त्यांना खोट्या आकड्यावर सन्मान घेताना पाहिलं, आणि तेही चारी बाजूंनी पराण्या होत्या म्हणून.

सरांची खरी रणभूमी मात्र भीमेच्या पलीकडे. सासुरवाडी दौंड तालुक्यात, नदीकाठची. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता धरायचा, नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर. मेहुणा पंचवीस एकरांचा धनी. तो सरांना "दाजी" म्हणतो, पाया पडतो आणि पाया पडून उठताना एक आकडा सांगतोच. यंदा म्हणाला, "दाजी, एकरी बासष्ट टन! तुमच्या शिरूरला पाहिलाय का एवढा?"

काकूंनी सरांचा सदरा मागून ओढला. उपयोग झाला नाही.

"लागण कधीची?"

"आडसाली की. आखाडातली."

आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, सुरू वर्षाचा, आणि खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. तिघांची टनांत तुलना करणं सरांच्या मते गुन्हा. त्यांनी जेवायच्या आधी भावकीतल्या सगळ्यांचे आकडे मागवले. चुलतभाऊ, पुतणे, वाटेकरी, सगळे वाड्याच्या ओसरीवर गोळा. आडसालीची भावकीतली सरासरी निघाली ६६ टन, विचलन आठ. मेहुणा अर्धा सिग्मा खाली. खोडव्याची सरासरी ३८, विचलन पाच, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या चुलतभावाचा खोडवा ४६ टन. एक पूर्णांक सहा सिग्मा वर. "या वाड्यातला सगळ्यांत चांगला शेतकरी हा," सर म्हणाले.

पुरणपोळ्या तव्यावर होत्या. त्या तव्यावरच राहिल्या.

मेहुणा मुरलेला माणूस. तो चिडला नाही. त्यानं पानाचा डबा उघडला आणि विचारलं, "दाजी, असाच हिशोब शिरूरच्या उसाचा केला तर त्यांची सरासरी काय निघंल?"

"झेडमध्ये? शून्य."

"आन आमच्या दौंडची?"

"शून्य."

"म्हणजे घोडनदीचा ऊस आन भीमेचा ऊस सारखा?"

सर गप्प. हीच त्या यंत्राची दुखरी जागा आणि ती एका बागायतदारानं सुपारी कातरता कातरता दाखवून दिली. प्रत्येक गटाला त्याच्याच सरासरीनं मोजलं, की गटागटांतला फरक पुसून जातो. परीक्षेच्या सत्रांत तो पुसायचाच असतो, कारण पोरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली असतात. पण नदीकाठची काळी जमीन कुणी चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती. ती मेहुण्याच्या आज्यानं घेतली होती. परतीच्या वाटेवर न्हावऱ्यापर्यंत सर एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा मुद्दा बरोबर होता. पण त्याला माहीत नव्हतं तो बरोबर आहे ते." काकू म्हणाल्या, "आईनं डब्यात पोळ्या दिल्यात, खाऊन घ्या."

त्या रागात त्यांनी दौंड शहरातही एक उद्योग केला. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र. भरती निघायची म्हटलं की पंचक्रोशीतली पोरं अंधार असतानाच रस्त्यावर पळायला लागतात. १६८ सेंटिमीटर उंची, छाती ७९ आणि फुगवून पाच जास्त. सर एका पहाटे शिंप्याची टेप घेऊन अशा पोरांच्या घोळक्यात शिरले. त्यांना बेल्जियमचा अडॉल्फ केटले व्हायचं होतं. या खगोलशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा तक्ता मांडला आणि त्यात त्याला ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुकांची घंटा दिसली. याच केटलेला फ्रान्सच्या सक्तीच्या सैन्यभरतीत मात्र घंटा वाकडी आढळली. किमान उंचीच्या जरा खाली माणसांची गर्दी, जरा वर तुटवडा. सैन्यात जायला नको म्हणून पोरं मापाला गुडघ्यात वाकली होती.

"आपल्याकडं उलट असणार," सर म्हणाले. "१६७ ओस, १६८ फुल्ल."

एका पोरानं हसून खरंच सांगितलं, की माणूस सकाळी लांब असतो आणि दिवसभरात दबतो, म्हणून तो मागच्या भरतीला टेम्पोत आडवा झोपून गेला होता आणि मापाच्या रांगेतच उभा राहिला होता. भरला १६७.६. सरांनी वहीत नोंद केली, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला सांगितलं, की आपल्या लोकांच्या मानानं तो चांगला उंच आहे. पोरगा म्हणाला, "ते त्यास्नी सांगा ना, सर." सरांनी टेप गुंडाळली. तेवढ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस "ओ काका, कुठल्या खात्याचे?" म्हणत आला आणि सर संख्याशास्त्राच्या इतिहासातून थेट एसटीत बसले.

माझं मत विचाराल तर सर बहुतेक वेळा बरोबर असतात आणि त्यांचं सगळं दुखणं त्यातच आहे. घरी मात्र त्यांचं चालत नाही. घरात त्यांचं दुसरं दैवत पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जगाच्या अन्न आणि शेती संघटनेत मोठ्या पदावर पोचलेले. माणसामाणसाची गरज वेगळी असते, सरासरी उष्मांकांची एक रेघ ओढून तिच्याखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नये, हे त्यांचं म्हणणं. सरांनी हे कधीतरी काकूंना कौतुकानं सांगितलं होतं. आता सरांनी चौथी भाकरी मागितली की काकू म्हणतात, "सुखात्मे म्हणतात तुम्हाला तीन पुरतात."

परवा सरांच्या रक्ततपासणीचा कागद आला. दोन आकड्यांपुढे चांदणी. मी सोबत दवाखान्यात होतो. सरांनी डॉक्टरांना बसूही दिलं नाही. "ही जी नॉर्मलची कक्षा छापता, ती निरोगी माणसांच्या मधल्या पंच्याण्णव टक्क्यांची असते. म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक तुम्ही उगीच चांदणी देऊन घाबरवता. दहा तपासण्या केल्या तर घाबरण्याची शक्यता आणखी वाढते. तो संदर्भगट कुणाचा? शिरूरचा? साठीपुढचा?"

डॉक्टर तरुण होते, पण वाचलेले होते. "पहिल्या चांदणीबद्दल तुमचं खरं आहे, सर. ती सोडून द्या. पण दुसरी उपाशीपोटीच्या साखरेची. १३४. ही १२६ ची रेघ घंटेवरून काढलेली नाही. त्याच्यापुढं डोळ्याच्या पडद्याला इजा दिसायला लागते, म्हणून तिथं ओढलीय. बाकीचे किती जण कुठं आहेत, याच्याशी तिचा संबंध नाही. अख्खं शिरूर १४० वर गेलं तरी रेघ तिथंच."

सरांनी कागदाकडे बघितलं. सरासरी नाही, विचलन नाही, भागाकार नाही. अख्ख्या आयुष्यात त्यांना असा आकडा भेटला नव्हता, जो दुसऱ्या कुणाकडे न बघता त्यांच्याचकडे बघत होता.

घरी आल्यावर ते बराच वेळ ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले. काकूंनी बिनसाखरेचा चहा आणून ठेवला, तो निवला. मग त्यांनी फोन काढला आणि दौंडला लावला. ख्यालीखुशाली, पाऊसपाणी, कारखान्याचं बिल, सगळं झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी उपाशीपोटीची साखर किती असते रे?"

पलीकडून मेहुण्याचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "एकशे अठ्ठावन्न, दाजी! का वो?"

"काही नाही. जप." सरांनी फोन ठेवला. चेहरा एकदम उजळला. निवलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि आज काय भाजी आहे म्हणून विचारलं.

काकू दारात उभ्या होत्या. "तपासणी कुठं केली ते विचारलं नाहीत? वय? गट? विचलन?"

सर म्हणाले, "घरच्या माणसाला असलं विचारू नये."